डावा स्पीकर

"मध्ये कुठे रेंगाळू नकोस हं मामा," भाचीने फोनवर तीनतीनदा बजावलं होतं. "तुझे कान ताजे असताना सरळ चौथ्या मजल्यावर माझ्या खोलीत ये. नंतर मग भटक हवं तेवढं."

आता कान म्हणजे काय भाजी आहे ताजी असायला? पण मामांना ते बोलणं फार आवडलं होतं आणि घरी त्यांनी ते दोनदा ऐकवूनही झालं होतं. मामी म्हणाल्या, "ताजे कान म्हणे! मी हाका मारून मारून थकते तेव्हा कुठे जातात ते ताजे कान?" मामींचं हे असंच. कौतुकात मिठाचा खडा टाकल्याशिवाय त्यांना चैन पडायची नाही. शर्टाला इस्त्री मात्र त्यांनीच करून दिली, कॉलरसकट.

तसे मामा म्हणजे कोणी मोठी असामी नव्हे. चाळीस वर्षं त्यांनी स्पीकर दुरुस्त केले. फाटलेला कागदी कोन काढायचा, नवा चिकटवायचा, जळलेल्या कॉइलच्या जागी नवी गुंडाळायची आणि डिंक वाळेपर्यंत गप्पा मारायच्या. नाट्यगृहातले, बसस्टँडवरचे, शाळेतले, बड्या लोकांच्या दिवाणखान्यातले, सगळे स्पीकर आजारी पडले की मामांच्या दुकानात यायचे. यंत्रं म्हणाल तर तारा जोडायची एक सोल्डरची कांडी, एक बॅटरी आणि दोन कान. कोनावर नखाने टिचकी मारायची, मान तिरकी करायची आणि सांगायचं, "कॉइल घासतेय, खालच्या अंगाला." उघडून बघावं तर खालच्याच अंगाला घासलेली. लोक तोंडात बोटं घालायचे. मामांना त्याची सवय झाली होती, आणि सवय झालेलं कौतुक फार वाईट. ते मिळत असताना कळत नाही, आणि जायची वेळ आली की माणूस त्याला लहान मुलासारखा चिकटून बसतो.

भाची या दोन कानांच्या सावलीत वाढली. शाळा सुटली की दुकानात, कॉलेज सुटलं की दुकानात. पुढे शिकली, कारखान्यात बऱ्यापैकी नोकरीला लागली आणि दोन वर्षांपूर्वी एक दिवस ती नोकरी सोडून घरी आली. म्हणाली, मी माझे स्वतःचे स्पीकर बनवणार. दोन वर्षं मागच्या खोलीत लाकडाचा भुसा आणि व्हार्निशचा वास. आज त्या स्पीकरची जोडी एका प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांपुढे मांडली होती. चार वाजता मासिकवाले येणार होते. हे गृहस्थ दरवर्षी आपल्या मासिकात या प्रदर्शनावर लिहायचे आणि नव्या लोकांतल्या एकाच खोलीवर लिहायचे. त्यांनी लिहिलं तर दुकानदार भाचीच्या दाराशी येणार होते. नाही लिहिलं, तर कारखान्यातली तिची जुनी खुर्ची अजून रिकामी होती, आणि तिथल्या साहेबाने महिनाअखेरपर्यंतच थांबतो म्हणून सांगितलं होतं. हे सगळं मामांना ठाऊक होतं. म्हणून तर ते रेंगाळले नाहीत.

प्रदर्शन होतं एका मोठ्या हॉटेलात. पाच मजल्यांवरच्या खोल्यांतून पलंग हलवले होते आणि जिथे रात्री माणसं झोपतात तिथे दिवसाढवळ्या संगीत वाजत होतं. चौथ्या मजल्यावर लिफ्ट उघडली आणि मामा क्षणभर दारातच थांबले. जाड गालिचा, मंद दिवे, दोन्ही बाजूंना बंद दारं, आणि प्रत्येक दारामागे काहीतरी चाललेलं. कुठे तबकडी फिरत होती, कुठे मृदंग घुमत होता, कुठे नुसता एकच लांब सूर. दुपारी जरा डोळा लागत असताना घरातले आवाज जसे लांबून येतात, तसे ते येत होते. माणसं हळू चालत होती, हळू बोलत होती. कोणालाच कसली घाई नव्हती. मामांना वाटलं, आपण मेलो आणि चांगल्या ठिकाणी आलो, तर ते हे असंच असणार.

भाचीच्या खोलीत पडदे ओढलेले होते. गालिच्यावर पलंगाच्या पायांचे चार खड्डे अजून दिसत होते. गाद्या न्हाणीघरात उभ्या करून ठेवल्या होत्या. समोर तिचे दोन स्पीकर, दहा वर्षांच्या पोराएवढे उंच, गुळासारख्या रंगाचे, कडा अशा गोलाई काढलेल्या की हात फिरवावा. डावीकडचा दाराच्या बाजूला, उजवीकडचा खिडकीच्या बाजूला. पुढे तीन खुर्च्या. त्यातली मधली मामांची. मधल्या खुर्चीचं महत्त्व असं, की दोन्ही स्पीकर सारखे असले आणि तुम्ही बरोबर मध्ये बसलात, तर दोघांच्या मधोमध, जिथे खरं तर काहीच नाही, नुसती भिंत आहे, तिथे गाणारी येऊन उभी राहते. तिचं तोंड कुठे आहे, ती किती उंच आहे, हेही कळतं. सगळी जादू ती एवढीच, आणि तेवढ्यासाठी माणसं आयुष्य घालवतात.

"बस मामा," भाची म्हणाली. "काही बोलू नकोस. आधी ऐक."

तिचा नवरा, म्हणजे भाचेजावई, कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसला होता. शांत माणूस. तो आकड्यांवर विश्वास ठेवायचा आणि बायको मामांवर, त्यामुळे घरात तो बहुतेक वेळा हरायचा.

मामांनी डोळे मिटले. सुई टेकल्याची बारीक खसखस झाली आणि एक बाई गाऊ लागली. नुसता गळा, साथीला काही नाही. मामांच्या अंगावर सर्रकन काटा आला. काय गोडवा होता! लाकूड बोलत नव्हतं, कागद बोलत नव्हता, नुसती बाई बोलत होती. या पोरीने हे केलं? आपल्या दुकानात चिकटपट्ट्या चघळणाऱ्या या पोरीने? मामांचा ऊर भरून आला. ते त्या आवाजात उतरत गेले, खोल पाण्यात पायऱ्या उतराव्या तसे.

आणि मग त्यांना जाणवलं, बाई मध्ये उभी नाही. ती खिडकीशी उभी आहे.

त्यांनी वाट पाहिली. येईल मध्ये, गाता गाता सरकली असेल. बाई काही सरकेना. खिडकीशीच उभी राहून, पडद्याला टेकून, ती गात राहिली. डावीकडून तिचा खालचा आवाज यायचा, पण वरची चकाकी, ओठांची ती बारीक स स, ती नाहीच.

गाणं संपलं. भाची त्यांच्याकडे बघत होती.

"पोरी," मामा म्हणाले, "सोनं केलंस तू. पण डावा मुका आहे गं, वरच्या अंगाला."

भाचीचा चेहरा उतरला. भाचेजावई म्हणाला, "मामा, सकाळीच मोजलंय. माइक म्हणतोय दोन्ही सारखे. केसाचाही फरक नाही."

"माइकला काय, जावईबापू, पुढ्यात येईल ते गिळतो. ऐकणं वेगळं."

"तारा बदलून बघू?" भाची म्हणाली.

हा मामांचाच कायदा होता. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगायचे: खराबी कुठे आहे ते कळत नसेल तर एकेकाची जागा बदला. डावं उजवीकडे लावा, उजवं डावीकडे. खराबी ज्याच्या मागोमाग जाईल तो चोर. तारा बदलल्या. बाई खिडकीशीच. म्हणजे मागची यंत्रं सुटली.

"आता स्पीकर उचलून अदलाबदल करायला हवी," भाचेजावई म्हणाला. "कायदा म्हणजे कायदा."

भाचीने जमिनीवरच्या चिकटपट्ट्यांकडे पाहिलं. एकेक स्पीकर कपाटाएवढा जड. तो कुठे उभा करायचा हे ठरवायला दोन दिवस गेले होते, बोट बोट सरकवून. उचलले तर चारच्या आत पुन्हा तसे लागतीलच याची खात्री नव्हती.

"कशाला ती उठाठेव?" मामा म्हणाले. "मला स्वच्छ ऐकू येतंय ना. डाव्याचा ट्वीटर मेलाय."

ट्वीटर म्हणजे स्पीकरच्या वरच्या टोकाला बसवलेला टिचभर स्पीकर, बारीक आवाजांचा. भाचीने शंभरातून निवडून दोन जुळे ट्वीटर काढले होते, चार महिने घालवून. जवळ जादा एकच होता, तोही जुळा नव्हे, सख्खा भाऊ म्हणा. तिने पेचकस घेतला आणि डाव्या स्पीकरपुढे गुडघे टेकून बसली. भाचेजावयाने छताकडे बघितलं आणि टॉर्च धरला.

"तू जरा फिरून ये मामा," ती म्हणाली. "तू बघत असलास की माझे हात कापतात. अर्ध्या तासाने ये."

मामा बाहेर पडले. मनात हुरहुर होती, पण खरं सांगायचं तर थोडा तोराही होता. यंत्राने दोन दिवसांत पकडलं नाही ते आपण एका गाण्यात पकडलं. अजून आहे म्हणायची धमक म्हातारड्यात!

ते तिसऱ्या मजल्यावर उतरले आणि समोरच्या उघड्या दारातून आत गेले. काळोखात जुन्या रेडिओत असायचे तसले काचेचे व्हॉल्व्ह निखाऱ्यांसारखे लाल पेटले होते. केबली मनगटाएवढ्या जाड आणि छोट्या लाकडी घोड्यांवर निजवलेल्या. त्या केबलींचे पाय काही जमिनीला लागत नव्हते. सात-आठ माणसं डोळे मिटून बसली होती. कोणीतरी जाड तारांचं वाद्य बोटांनी छेडत होतं आणि प्रत्येक सूर छातीत येऊन बसत होता. मामाही बसले. मधली खुर्ची रिकामी झाली तेव्हा तिच्यावर सरकले. आणि हसलेच. इथेही डावा दबलेला! एवढा बडेजाव, एवढ्या लाल बत्त्या, आणि वाजवणाऱ्याला नेऊन बसवलाय उजव्या भिंतीत. त्यांना खोलीवाल्याची कीव आली. ते उठले.

पुढच्या खोलीत एक जंगल वाजत होतं. खरंच जंगल. कुणीतरी पहाटे रानात जाऊन नुसतं ऐकून आणलेलं. मामांनी डोळे मिटले आणि त्यांच्या पायाखाली ओली पानं आली. दूर कुठे पाणी चाललं होतं. वारा आला आणि गेला. उजवीकडच्या झाडांवर पक्षी उठले, एक, मग दुसरा, मग गलकाच. मामा वाट पाहत राहिले, आता डावीकडची झाडं जागी होतील. डावीकडची झाडं गप्प होती. वारा तिथेही होता, फांद्या तिथेही हलत होत्या, पण पक्षी म्हणून एक नव्हता. शेजारच्या खुर्चीवरची बाई हळूच कुणाला तरी म्हणाली, "डावीकडचा तो बारका ऐकलास? किती जवळ आलाय!"

मामांनी डोळे उघडले. बाई डावीकडे बघून हसत होती.

ते तिथून निघाले ते घाईने निघाले नाहीत. गालिचा नको तितका मऊ लागत होता. मजल्याच्या टोकाला एका खोलीचं दार अर्धवट उघडं होतं आणि आत कोणी नव्हतं. खोलीवाला चहाला गेला असावा. दोन स्पीकर रिकाम्या खोलीला बासरी ऐकवत होते. उजवीकडे उभा दिवा होता, डावीकडे कपडे ठेवायचं कपाट. एकच खुर्ची. मामा बसले. बासरी दिव्याशी होती.

मग मामांना तो कायदा आठवला. सगळ्यांची जागा बदला. तारा बदलल्या, यंत्रं बदलली, खोल्या बदलल्या, आणि खराबी तशीच डावीकडे. जागा बदलायचा एकच जण राहिला होता.

ते उठले. खुर्ची फिरवली आणि स्पीकरकडे पाठ करून बसले. डोळे मिटले. बासरी दिव्याजवळून निघाली, त्यांच्या पाठीमागून चालत गेली आणि कपाटाशी जाऊन उभी राहिली.

त्यांनी खुर्ची सरळ केली. बासरी दिव्याशी. पुन्हा फिरवली. कपाटाशी. तीनदा मामा उठले, तीनदा बसले. खराबी त्यांच्या मागोमाग फिरत होती, इमानी कुत्र्यासारखी. वाजवणारा बिचारा मधोमध उभा राहून आपला वाजवत असणार. चोर सापडला होता.

मामांना रडू आलं नाही. आधी आला तो राग. कुणाचा, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. कधीपासून? मामींच्या हाका आठवल्या. जेवताना त्या नेहमी डावीकडेच बसतात आणि हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात, असं मामा सगळ्यांना सांगत होते. मागे ज्याच्या दिवाणखान्यातले स्पीकर दुरुस्त करून दिले होते तो माणूस परत आला होता, म्हणाला होता, एका बाजूने कर्कश वाजतोय. त्याला मामांनी दारातूनच हाकलला होता. काय ते बोलले होते त्याला! मामा त्या रिकाम्या खोलीत बसून राहिले आणि बासरी वाजत राहिली, आणि ती इतकी गोड होती की त्यांना ती सहन होईना.

घड्याळात साडेतीन वाजून गेले होते.

खरं सांगायचं तर लिफ्टमध्ये मामांच्या मनात पाप आलं. माणूसच तो. पोरीने आता नवा ट्वीटर बसवला असेल. आपण बसायचं, ऐकल्यासारखं करायचं आणि म्हणायचं, "वा, झालं बरोबर!" ती खूश, आपली इज्जत शाबूत, कुणाला पत्ताही लागायचा नाही. चाळीस वर्षांचं नाव एका लिफ्टमध्ये कशाला टाकायचं? पण लिफ्ट चौथ्या मजल्यावर थांबायच्या आत त्यांना दुसरंही कळून चुकलं. जादाचा ट्वीटर जुळा नव्हता. आपल्या शब्दाखातर तिने चांगली जोडी फोडली होती, आणि मासिकवाल्यांचे कान काही त्यांच्यासारखे नव्हते. ते बसल्या बसल्या ओळखतील.

खोलीत भाची घामाघूम होऊन उभी होती. केसांत भुसा. "ये मामा. बदलला. ऐक आता," ती म्हणाली आणि त्यांना जवळजवळ ढकलूनच मधल्या खुर्चीवर बसवलं.

बाई गाऊ लागली. खिडकीशी.

भाची त्यांच्या तोंडाकडे बघत होती. लहानपणी आपण केलेलं पहिलं सोल्डर दाखवताना बघायची, तशी. एक शब्द पुरला असता.

"पहिला ट्वीटर परत बसव," मामा म्हणाले.

"म्हणजे हाही खराब?"

"नाही गं. दोन्ही चांगले आहेत. घोडं माझ्यापाशी पेंड खातंय. माझा डावा कान गेलाय."

भाचीचे डोळे भरले आणि ती भलतंच बोलली. "मामा, असलं काही सांगू नकोस हं मला. माझं मन राखायला सांगतोयस. वाईट असेल तर वाईट म्हण ना! तू कधी खोटं बोलला नाहीस माझ्या कामाबद्दल, आजच का?"

"अगं, खोटं नाही."

"मघाशी एका गाण्यात तुला कळलं. तुझा कान जाईल? तुझा? सगळं जग बहिरं होईल आधी."

बघा, काय वेळ आली. जन्मभर मिळवलेला विश्वास असा आडवा आला. मामांनी रानातले पक्षी सांगितले, बासरी सांगितली, खुर्ची फिरवल्याचं सांगितलं. "नाचता येईना अंगण वाकडं, तसं झालंय माझं," असं म्हणून हसूनही दाखवलं. ती मान हलवत राहिली. "थकलायस तू. सर्दी असेल. माझंच काहीतरी चुकलंय, आणि तू ते अंगावर घेतोयस. मी मासिकवाल्यांना नाही म्हणून सांगते. असला स्पीकर मी कुणाला ऐकवणार नाही. महिनाअखेरीला जाईन कारखान्यात, संपला विषय."

"अगं ऐक तर, मी पण केव्हाचा तेच—" भाचेजावई बोलू लागला.

"तू गप्प बस!"

तेवढ्यात दार वाजलं. मासिकवाले दहा मिनिटं आधीच आले होते. बारीक, पांढऱ्या केसांचे गृहस्थ, हातात छोटी वही. भाची डोळे पुसत दाराशी गेली. "माफ करा साहेब," ती म्हणाली, "आमच्या डाव्या स्पीकरमध्ये—"

"थांब!" मामा एवढ्या मोठ्याने ओरडले की त्या खोलीत दिवसभरात एवढा आवाज झाला नव्हता. "साहेब, दोन मिनिटं. तुम्हीही बघा. बरं होईल."

ते मधल्या खुर्चीवर ताठ बसले. चाळीस वर्षं ज्या माणसाकडे लोक आवाज घेऊन यायचे, तो आता परक्या माणसासमोर आपलं उणेपण दाखवायला बसला होता. त्यांना लाज वाटत होती, कान गरम झाले होते, दोन्ही.

"इकडे ये," ते भाचीला म्हणाले. "मी डोळे मिटतो. माझ्या कानाशी अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळ. नुसतं चोळ, चुटकी नको. ऐकू आलं की मी हात वर करीन. आधी उजवा."

त्यांनी डोळे मिटले. उजव्या कानाशी कागदासारखी खसखस झाली. मामांचा हात वर गेला. ती हात लांब नेत गेली, लांब, आणखी लांब. मामांचा हात वरच. कुठल्याही जवान माणसाने हेवा करावा असा कान.

"बघ, कसा तिखट आहे," मामा म्हणाले. "आता डावा." आणि त्यांनी उजव्या कानात बोट घातलं.

ते थांबले. ती पलीकडे गेल्याचं त्यांना पायांवरून कळलं. गालिचा किंचित दबला. मग शांतता. खोलीत इतकी शांतता होती की स्वतःचा श्वास त्यांना ऐकू येत होता. बाहेर कुठल्यातरी खोलीत मृदंग घुमत होता, फार लांब. ते थांबून राहिले.

"कर की सुरू," ते म्हणाले.

कोणी काही बोललं नाही.

"अगं, कर ना! साहेब ताटकळलेत."

तरी कोणी बोलेना, तेव्हा मामांनी डोळे उघडले आणि मान वळवली. भाचीचा हात त्यांच्या कानापासून दोन बोटांवर होता. अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळत होते, जोरजोरात, लाल होईपर्यंत. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती चोळायची थांबत नव्हती.

मामांनी तिचा हात धरला आणि खाली घेतला.

"पटलं?" ते म्हणाले.

ती त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. मामाही रडले. त्यात लपवण्यासारखं काय आहे? मासिकवाले बाहेर जाऊन खोलीचा नंबर वाचत उभे राहिले, शहाणा माणूस. भाचेजावयाने तेवढ्यात टॉर्च लावला, पेचकस शोधला आणि तिच्या हातात दिला.

पहिला ट्वीटर परत बसायला सात मिनिटं लागली. या वेळी तिचे हात कापले नाहीत. शेवटचा स्क्रू आवळून ती उठली, तबकडी ठेवली, सुई टेकवली, आणि सवयीने मागे वळली.

"मामा, आता बरोबर आहे का?"

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली.

मामा उठले. मधल्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "मला काय विचारतेस? बस इथे. तूच सांग."

मामा खोलीत असताना ती त्या खुर्चीवर कधी बसली नव्हती. बसली. डोळे मिटले. मामा भिंतीला टेकून उभे राहिले. त्यांच्यासाठी बाई अजून खिडकीशीच गात होती, सुंदर, पडद्याला टेकून. त्यांनी तिकडे बघितलं नाही. ते भाचीकडे बघत होते. तिचा चेहरा हळूहळू सैल झाला. कपाळावरची आठी गेली, ओठ जरासे उघडले. डोळे मिटलेलेच ठेवून तिने हात उचलला आणि दोन स्पीकरच्या बरोबर मधल्या भिंतीकडे बोट केलं.

"इथे आहे," ती म्हणाली. "मामा, बरोबर मध्ये आहे. आणि डावा बोलतोय."

मामांना त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. त्यांनी दार उघडलं.

"या साहेब, बसा," ते मासिकवाल्यांना म्हणाले. "दोन्ही स्पीकर बरोबर आहेत. ती म्हणतेय."